पंडिता रमाबाईंचे नित्यवाचन

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे मला सुचविण्यात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली. हातात लेखणीपेक्षा लाटणेच जास्त. तरी हो म्हटले, त्याला एक कारण आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणतात. एकदा मी विरजण मागायला गेले असताना त्यांनी सहज विचारले, की तुमच्या धर्मात रोज काय वाचतात? मी म्हटले, बायबल. पण घरी येताना मान खाली गेली. आमचे बायबल कपाटात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले. रविवारी देवळात जाताना तेवढे बाहेर निघायचे. लग्नात आईने दिलेले ते पुस्तक इतक्या वर्षांत जुने झाले नव्हते, ते मी जपले म्हणून नव्हे, तर उघडलेच नाही म्हणून! त्यानंतर मी जे धडपडत वाचू लागले, त्यात मला ज्यांच्या चरित्राने धीर दिला त्या पंडिता रमाबाई. त्यांचे नाव आपण सर्वजणींनी ऐकले आहे. शारदा सदन, केडगावचे मुक्तिसदन, विधवांसाठी केलेले काम हे सर्व पुष्कळांना माहीत आहे. पण त्या सर्व कामामागे रोजच्या वाचनाची केवढी सवय होती आणि ती सवय त्यांना किती वर्षांनी, किती वळणांनी लागली, हे मला आज सांगायचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगेत, कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी तरुणपणी पाहिले होते आणि आपल्या घरच्या बाईनेही शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी बाईने संस्कृत शिकणे म्हणजे धर्म बुडाला असे लोकांना वाटे. पण शास्त्रीबोवांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखविले आणि पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले. रमाबाई लहान असतानाच शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, म्हणून मुलीला शिकविण्याचे काम आईकडे आले. लक्ष्मीबाईंना दिवसभर घरकाम, पै-पाहुणा, विद्यार्थ्यांचा स्वयंपाक. वेळ उरे तो फक्त पहाटेचा. झाडावर पाखरे किलबिलू लागत तेव्हा आई झोपलेल्या लेकीला मायेने उठवी आणि तोंडी पाठ देई. भगिनींनो, पाहा, रमाबाईंच्या हाती पुढे कोणताही ग्रंथ आला तरी तो रोज आणि वेळेवर वाचायचा, हे वळण एका कामाच्या रगाड्यात सापडलेल्या आईने लावले होते.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच घर सुटले. शास्त्रीबोवा तीर्थयात्रेला निघाले तेव्हा तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून एका माणसाने डोक्यावरून डोंगराखाली आणले. पुढे वर्षानुवर्षे हे कुटुंब या तीर्थाहून त्या तीर्थाला फिरत राहिले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचायचे आणि लोक देतील त्यावर राहायचे. बारा वर्षांच्या वयापर्यंत रमाबाईंना सुमारे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. मात्र हे वाचन संस्कृतात चाले. ऐकणाऱ्यांस अर्थ कळो वा न कळो, शब्द कानी पडले की पुण्य लाभते अशी त्या वेळची समजूत होती. वाचन होते, पाठांतर होते, पण समोर बसलेल्या बाईला त्यातले किती उमगले, हे विचारण्याची रीत नव्हती. ही गोष्ट रमाबाईंच्या मनात पुढे फार वर्षे राहिली.

१८७४ साली दुष्काळाने या कुटुंबाचा घास घेतला. जवळचे सर्व संपले. झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मागून थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास ही दोन भावंडे पायी देशभर हिंडली. उत्तरेकडे झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. अशा हालअपेष्टा सोसत १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच रमाबाईंच्या हाती पहिल्याने बायबल आले. एका ख्रिस्ती मेळाव्यास भावंडांना बोलावले होते. तेथे त्यांना संस्कृत बायबलची एक सुंदर छापलेली प्रत भेट मिळाली. आपल्याला वाटेल की संस्कृतातल्या एवढ्या पंडिता, त्यांनी ती रात्रीत वाचून काढली असेल. तसे मुळीच झाले नाही. त्या पुस्तकातली संस्कृत भाषा त्यांना ओळखीच्या ग्रंथांहून अगदी वेगळी वाटली, विषय परका वाटला, आणि हे वाचण्यात वेळ फुकट जाईल असे मनाने घेतले. पुस्तक मिटले. पण टाकून दिले नाही. ते त्यांनी पुढे कायम जवळ ठेवले. मला ही हकीकत वाचून फार बरे वाटले. जिने पुढे सबंध बायबल मराठीत आणले, तिलाही पहिल्या दिवशी ते वाचवले नव्हते.

१८८० साली भाऊ ढाक्यास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, विवाह नोंदणी पद्धतीचा. लोकांनी नावे ठेवली, पण संसार सुखाचा होता. आसामात सिलचर येथे त्यांचे बिऱ्हाड होते. तेथे घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना एक लहानसे बंगाली पुस्तक सापडले. ते होते लूककृत शुभवर्तमान. घरात कसे आले तेही त्यांना ठाऊक नव्हते. हे मात्र त्या आवडीने वाचू लागल्या. मोठा ग्रंथ जे करू शकला नाही ते या चोपड्याने केले, कारण ते आटोपशीर होते आणि समजणाऱ्या भाषेत होते. तेथील एका मिशनरी गृहस्थांनी त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिली कथाही समजावून दिली. पतींना हे विशेष रुचले नाही. पण हा प्रश्न पुढे वाढण्याआधीच घाला पडला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने वारले. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. कडेवर दहा महिन्यांची मनोरमा. वय चोवीसही पूर्ण नाही, आणि जवळचे म्हणावे असे माहेर नाही की सासर नाही.

रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच साली स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींना शिकवायला शिक्षिका व बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले. याच दिवसांत एक इंग्रज मिशनरी बाई घरी येऊन त्यांच्याबरोबर मराठी नवा करार वाचीत. येथे प्रथमच त्यांच्या बायबल वाचनाला ठरलेली वेळ आणि सोबत मिळाली. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ साली त्या मुलीला घेऊन विलायतेस गेल्या. पण कानाने कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. वाँटेज येथे धर्मभगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना या भगिनी मायेने सांभाळतात हे पाहून त्या चकित झाल्या आणि त्यांनी कारण विचारले. तेव्हा त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा अध्याय वाचून दाखविण्यात आला. त्यांच्या मनावर याचा खोल ठसा उमटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झाले असे मात्र झाले नाही. आश्रमातील वडीलधाऱ्या भगिनींचे म्हणणे, मंडळीची शिकवण आहे तशी मानावी. रमाबाई म्हणत, मी स्वतः शास्त्र वाचीन, पटेल ते मानीन. यावरून पुष्कळ पत्रव्यवहार झाला, वादही झाले. ज्यांच्या आश्रयाला राहायचे त्यांच्याशीच मतभेद करणे सोपे नाही. पण एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेत नुसते डोळे मिटून जायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत.

१८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई तिकडे गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगावी व्याख्याने दिली, बालवाडीच्या शिक्षणाची पद्धत शिकून घेतली. बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी असोसिएशन स्थापन झाले. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले.

आता मी ज्या प्रसंगासाठी हे चरित्र निवडले तो सांगते. सदनात धर्माची सक्ती नव्हती. मुलींनी आपापल्या धर्माप्रमाणे वागावे अशी मोकळीक होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचीत व प्रार्थना करीत. याच सुमारास, १८९१ साली, त्यांच्या मनाची मोठी घालमेल चालली होती. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला, पण स्वतः ख्रिस्त आपल्याला गवसला नाही, असे त्यांना वाटू लागले होते. आठ वर्षे नेमाने वाचले तरी आत काही रिकामे राहिले, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी पुन्हा नव्याने वाचायला घेतले, विद्वत्तेने नव्हे तर भुकेने, आणि त्यांच्या मनाला शांती मिळाली. तेव्हापासून ते सकाळचे वाचन म्हणजे त्यांचा श्वास झाले.

खोलीचे दार त्या उघडे ठेवीत. कोणाला बोलावीत नसत, कोणाला हाकलीतही नसत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. ही गोष्ट बाहेर पसरली आणि पुण्यात वादळ उठले. वर्तमानपत्रांतून टीका झाली. मुलींना बाटविण्याचा हा डाव आहे असे लोक म्हणू लागले. भगिनींनो, येथे पालकांची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. मुलीला विश्वासाने दुसऱ्याच्या घरी ठेवलेली, त्यात ती विधवा, आणि परक्या धर्माची भीती. आपल्या लेकीच्या बाबतीत आपल्यालाही काळजी वाटलीच असती. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे रमाबाईंचे हितचिंतकही १८९३ साली सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंना एक सोपा मार्ग होता. दार लावून घ्यायचे. त्यांनी तसे केले नाही. दार लावले तर आपण काही लपवितो आहोत असे होईल, आणि आपल्या घरात आपल्या देवाची प्रार्थना चोरून का करायची, असा त्यांचा विचार होता. एवढ्यासाठी त्यांनी केवढी किंमत मोजली! कष्टाने उभी केलेली संस्था मोडकळीस येण्याची वेळ आली, जुने स्नेही दुरावले. त्यांचे चुकले की बरोबर, यावर आजही दोन मते आहेत. पण ज्या वाचनासाठी बाई एवढे पणाला लावते, ते नुसती रीत म्हणून केलेले वाचन नसते, एवढे आपण कोणत्याही धर्माच्या असलो तरी मान्य करू. आणि हेही सांगितले पाहिजे की सदनात शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या. त्यांनी पुढे पुनर्विवाह केला आणि कर्व्यांच्या विधवांच्या आश्रमासाठी स्वतः वर्गणी गोळा केली.

सदन मोडले नाही. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले आणि त्या तिकडे धावल्या. सुमारे तीनशे मुली व बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, सरकारी निर्बंध कडक. तेव्हा पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगाव येथे घेऊन ठेवलेल्या जमिनीवर या सर्वांना नेले. ते मुक्तिसदन. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, गाई पाळल्या, छापखाना घातला. अंध बायकांना बोटांनी उठावाची अक्षरे वाचण्यास मनोरमाबाईंनी शिकविले. त्यामुळे ज्यांना सूर्य दिसत नव्हता त्याही शास्त्र वाचू लागल्या.

एवढ्या बायकांना अक्षरे शिकवून हाती बायबल दिले, तेव्हा रमाबाईंना एक अडचण दिसली. त्या वेळच्या मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर. शेतातून, दुष्काळातून आलेल्या बायकांना शब्द लागत, अर्थ लागत नसे. रमाबाईंना आपल्या लहानपणचे ते पुराण ऐकणारे लोक आठवले असतील काय, कोण जाणे. कलकत्त्याला आपणही ते पुस्तक असेच मिटून ठेवले होते, हे तर त्या विसरल्या नव्हत्याच. शेवटी सोप्या मराठीत सबंध बायबलचे भाषांतर करायचे असे त्यांनी ठरविले. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, कानांनी अधू, अंगावर दोन हजारांचा संसार, आणि बाईंनी मूळ ग्रंथ समजावा म्हणून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला! संस्कृतात सहज कविता करणाऱ्या पंडितेने अवघड शब्द वेचून वेचून काढून टाकले आणि स्वयंपाकघरातल्या बाईला कळेल अशी मराठी लिहिली. हे काम सतरा-अठरा वर्षे चालले होते. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी ही सर्व कामे मुक्तीतल्याच बायकांनी केली. ज्यांना दुष्काळात लोकांनी टाकून दिले होते त्यांच्या हातांनी ते पुस्तक तयार झाले.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई वारल्या. त्याच एका लेकीसाठी रमाबाईंनी उघड्या दाराशी बसून वाचायला सुरुवात केली होती. चाळीस वर्षांची, हाताशी आलेली, संस्थेचा पुढचा आधार असलेली मुलगी आईच्या डोळ्यांदेखत गेली. त्यानंतरही बाईंनी काम थांबविले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. सबंध बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली. ते त्यांनी स्वतः पाहिले नाही. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. केडगावचे मुक्ति मिशन आजही चालू आहे.

आता दोन शब्द माझे. या चरित्रातून मी माझ्यापुरते जे घेतले ते असे. पहिले, लक्ष्मीबाईंप्रमाणे वेळ पहाटेची धरली. नळ यायच्या आधी, चहाचे आधण ठेवून मी बसते. दुसरे, एकदम मोठा घास घेतला नाही. रमाबाईंप्रमाणे मीही लूकपासूनच सुरुवात केली, आणि रोज अर्धा अध्याय, फार तर एक. तिसरे, जे कळले नाही ते पेन्सिलीने खूण करून ठेवते आणि रविवारी पाळकसाहेबांना विचारते. पहिल्याने लाज वाटायची, आता वाटत नाही. आणि चौथे, मध्ये खंड पडला तर पुस्तक पुन्हा फडक्यात गुंडाळायचे नाही. सासूबाईंच्या आजारपणात माझा तीन महिने खंड पडला होता. पण पुस्तक ओट्याजवळच्या फळीवरच राहू दिले. ते डोळ्यांसमोर होते, म्हणून एक दिवस हात पुन्हा गेला.

सासूबाईंना वाचता येत नव्हते. बऱ्या झाल्यावर त्या सकाळी पाट ओढून जवळ बसू लागल्या. मी वाचायची आणि मध्येच थांबवून त्या विचारायच्या, म्हणजे काय ग? तेव्हा मला साध्या मराठीत सांगावे लागे, आणि सांगता सांगता मलाच नीट कळे. रमाबाईंनी एवढी वर्षे कशासाठी घालविली ते मला त्या पाटाशेजारी उमगले. आज सासूबाई नाहीत, पाट तेथेच आहे.

आमचे स्वयंपाकघराचे दारही उघडेच असते. काकू कधी दूध घ्यायला जाताना क्षणभर उभ्या राहतात. संध्याकाळी त्यांचा हरिपाठ मला भिंतीपलीकडून ऐकू येतो. दोघींचे बरे चालले आहे. मंडळाच्या सर्व भगिनींना माझी एवढीच विनंती, की आपापल्या घरात जो ग्रंथ फडक्यात गुंडाळून ठेवला असेल तो एकदा सोडावा आणि उद्या सकाळी त्यातले एक पान समजून वाचावे. लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास आपली म्हणून सांभाळून घ्यावे.